विश्लेषण : ‘सापडले नाही’ म्हणजे ‘नाहीच’ का? एआय एजंटच्या कोड-शोधात वापरसूचना निर्णायक का ठरतात?

सॉफ्टवेअर लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम आता ‘एआय एजंट’कडे सोपवले जाऊ लागले आहे. हजारो फायलींच्या कोड भांडारातून, म्हणजे रिपॉझिटरीतून, नेमकी ओळ शोधण्यासाठी या एजंटना सर्च टूल दिले जाते. ते कसे वापरायचे हे सांगणारा मजकूर अनेकदा जेमतेम दोन-चार ओळींचा असतो. मात्र एजंट योग्य दुरुस्ती करणार की चालू प्रणाली बिघडवणार, हे बऱ्याचदा त्याच ओळींवर ठरते.

एजंटला शोधाचे टूल का लागते?

भाषा-प्रारूप एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकते. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पात कोट्यवधी ओळी असतात. त्या सगळ्या एकदम वाचणे शक्य नाही आणि परवडणारेही नाही. त्यामुळे एजंट माणसासारखेच करतो. आधी शब्द शोधतो, मग हवी ती फाइल उघडतो. शोधाचे हे तंत्र जुनेच आहे. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये लिहिलेले ‘ग्रेप’ आजही वापरात आहे. त्याच्या जोडीला आता ‘गिटहब’सारख्या संकेतस्थळांची शोधसेवाही आहे.

टूलची माहिती एजंटपर्यंत कशी पोहोचते?

त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी) हे खुले मानक बरेच वापरले जाते. अँथ्रॉपिक कंपनीने ते नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानुसार प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा एजंटसमोर ठेवला जातो. टूल आतून कसे चालते, हे एजंटला सहसा दिसत नाही. एखादी गोष्ट कळली नाही तर अभियंता शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो. एजंटच्या हाती मात्र तेवढा मजकूरच असतो. म्हणूनच इथे वर्णन हा टूलचाच भाग ठरतो.

माहिती अपुरी असेल तर काय बिघडते?

समजा, एजंटला सांगितले, ‘हे जुने फंक्शन कुठे वापरात नसेल तर काढून टाक.’ त्याने शोध घेतला, उत्तर आले शून्य. त्याने फंक्शन काढले. पण गिटहबच्या कोड-शोधाच्या ‘रेस्ट एपीआय’ला मर्यादा आहेत. तो भांडाराच्या मुख्य शाखेतच, म्हणजे डीफॉल्ट ब्रँचमध्येच शोधतो, ३८४ केबीपेक्षा मोठ्या फायली वगळतो आणि एका शोधाला जास्तीत जास्त १,००० निकाल देतो. शोध वेळेत पूर्ण झाला नाही, तर ‘निकाल अपूर्ण’ अशी खूण उत्तरासोबत येते. गिटहबने हे सारे लिहून ठेवले आहे. पण या एपीआयवर एजंटसाठी टूल बांधणाऱ्याने वर्णनात फक्त ‘कोड शोधते’ एवढेच लिहिले आणि अपूर्णतेची खूण गाळली, तर ‘या मर्यादेत सापडले नाही’चा अर्थ एजंट ‘कुठेच नाही’ असा घेईल. त्यातला धोका असा, की अशी चूक होताना पडद्यावर कोणताही ‘एरर’ दिसत नाही.

चांगल्या वापरसूचनेत काय असावे?

टूल काय करते याबरोबरच काय करत नाही, हे स्पष्ट हवे. शोध कोणत्या शाखेत होतो, कोणत्या फायली वगळल्या जातात, लहान-मोठ्या अक्षरांत फरक केला जातो का, निकाल किती मिळतात आणि पुढचे कसे मागायचे, हे सांगायला हवे. शून्य निकाल आल्यास पुढे काय करावे, हेही लिहायला हवे. योग्य आणि अयोग्य वापराचे एकेक उदाहरण दिले तर उत्तम. मात्र लांबलचक मजकूरही उपयोगाचा नाही, कारण तोही एजंटच्या मर्यादित जागेत भर घालतो.

काही वेळा सूचना वाढवण्यापेक्षा टूल बदलणे सोपे असते. एजंट दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला की फाइलचा अर्धवट पत्ता देताना चुकतो, असे अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांना दिसले. त्यांनी पूर्ण पत्ता देणे सक्तीचे केले आणि ती चूक थांबली, असे कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये नमूद केले होते.

सूचनाच घातक ठरू शकतात का?

होय. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्सच्या संशोधकांनी ‘टूल पॉयझनिंग’ हा प्रकार दाखवून दिला. यात टूलच्या वर्णनातच छुपे आदेश पेरलेले असतात. वापरकर्त्याला ते सहसा दिसत नाहीत, एजंट मात्र वाचतो. पुढच्याच महिन्यात त्यांनी आणखी एक प्रयोग मांडला. सार्वजनिक भांडारातील एका तक्रारीत आदेश दडवून, गिटहबच्या एमसीपी सर्व्हरशी जोडलेल्या एजंटकरवी खासगी भांडारातील माहिती बाहेर काढता येते, हे त्यातून दिसले. म्हणजे वर्णन असो वा शोधात हाती आलेला मजकूर, एजंट त्याला आदेश समजण्याचा धोका आहेच. पुण्या-मुंबईत परदेशी ग्राहकांचा खासगी कोड सांभाळणाऱ्या कंपन्यांना हा इशारा महत्त्वाचा आहे.

मग जबाबदारी कोणाची?

आतापर्यंत डॉक्युमेंटेशन हे प्रकल्पाच्या शेवटी, वेळ उरला तर उरकायचे काम मानले जाई. आता हा मजकूर कोडइतक्याच काटेकोरपणे तपासावा लागेल. टूल बदलले की वर्णन बदलायला हवे, आणि वर्णन बदलले की एजंटची चाचणी पुन्हा घ्यायला हवी. एजंटला केवळ आवश्यक भांडारांपुरती परवानगी देणे आणि कोड काढून टाकण्यापूर्वी माणसाची संमती घेणे, या खबरदाऱ्याही हव्यात. शोध कुठवर घेतला, हे सांगण्याची जबाबदारी टूल बांधणाऱ्याची आहे. पण ‘सापडले नाही’ या उत्तरावर निर्णय घेण्यापूर्वी ‘कुठे शोधले?’ हा प्रश्न विचारणे मात्र माणसाच्याच हाती राहते.