ट्रामच्या वाटेवरची घरे

दादरला 'टीटी' म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आता घरातल्या मुलांना सांगावे लागते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. पहिली निघाली होती ९ मे १८७४ रोजी, घोडे जुंपून. एक वाट कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे तिथेच. वीज आली १९०७ मध्ये.

या वाटांवर आम्ही परवा पायी फिरलो. ट्राम सुरू झाली तेव्हा क्रॉफर्ड मार्केट जेमतेम पाच वर्षांचे होते आणि जवळची जामा मशीद सत्तरी ओलांडलेली. ती १८०२ ची, जुन्या तलावावर बांधलेली. बोरीबंदरची भव्य स्टेशन इमारत मात्र तेव्हा नव्हतीच.

स्टेशनसमोर थांबलो. ट्रामच्याच वर्षी, १८७४ मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सोबत्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८० मध्ये शाळा निघाली, आणि १८९३ मध्ये ही घुमटाची, कमानींची इमारत उभी राहिली. घोड्यांच्या ट्राममधून जाणाऱ्यांनी ती बांधताना पाहिली असेल. ट्राम भंगारात गेली, रूळ डांबराखाली गेले. इथे मात्र अजून मुले दप्तरे घेऊन येतात. इमारत टिकते ती वापरामुळे, असे आम्हाला तिथे उभे राहून वाटले.

राहत्या घरांचे गणित वेगळे आहे. पायधुणीपुढच्या भेंडीबाजारात सुमारे अडीचशे जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू आहे. गळणारी छपरे, मजल्यावर सामाईक शौचालय, त्यासमोर पहाटे रांग: ज्यांनी हे सोसले, त्यांना नव्या घरात स्वतःची मोरी मिळाली तर आम्ही कोण नाक मुरडणार? जुन्या लाकडी जिन्याचे कौतुक बाहेरच्यांना सोपे. पाण्याच्या बादल्या घेऊन तो रोज चढणाऱ्या आपल्या अम्मींना विचारा!

तरी घर रिकामे करताना घाईत बरेच काही रद्दीत जाते. भाडेपावत्या, दारावरची पाटी, गॅलरीत काढलेले लग्नाचे फोटो. पावतीवर इमारतीचे जुने नाव आणि गल्लीचे जुने नाव असते, ते पुन्हा कुठे सापडत नाही. ट्राममध्ये बसलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. तुमच्या नानी-दादी कुठल्या नाक्यावर ट्राम धरायच्या, ते विचारून आम्हाला लिहा. पावत्यांचे फोटोही पाठवा. मूळ कागद घरातच ठेवा.