अनिकेत आणि बेघर

गेल्या पौषात गड्ड्याची यात्रा आटोपून सिद्धेश्वराच्या तळ्याकाठाने परतत होतो. पायरीवर एक वृद्ध गृहस्थ डोळे मिटून स्तोत्र म्हणत बसले होते. अंगावर विरलेले धोतर आणि एक मळकी शाल एवढेच वस्त्र. परंतु उच्चार इतके शुद्ध की, मुलांचे उच्चार सुधारण्यातच ज्याचे आयुष्य गेले त्या माझ्यासारख्याचे पाऊल आपोआप थबकले. विचारपूस केली. स्वतःचा वाडा होता. तो हयातीतच थोरल्या चिरंजीवांस बक्षीसपत्राने दिला. पुढे वाडा विकला गेला, मुले परगावी गेली, आणि आज ह्याच्याकडे, उद्या त्याच्याकडे असे करता करता एके दिवशी कोणाकडेच जावयाचे उरले नाही. "मास्तर, मी आता अनिकेत झालो," असे म्हणून ते हसले.

मी त्यांच्या हाती काही पैसे ठेवले आणि घरी आलो. चार दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा पायरी रिकामी होती. बेघरांसाठी निवारे चालविणे हे नगरसंस्थेचे काम आहे, हे मला वाचून ठाऊक होते. पण आपल्या शहरात तो निवारा कोठे आहे, याची चौकशी मी कधीच केली नव्हती. हा माझा अपराध वाचकांपुढे कबूल केल्यावाचून पुढे लिहवत नाही.

अनिकेत हा शब्द भगवद्गीतेने भक्ताच्या लक्षणांत घातला आहे. ज्याने मनाने घर सोडले तो अनिकेत. ज्यास घराने बाहेर काढले तो बेघर. 2011 च्या जनगणनेत असे बेघर लोक देशात 17 लक्ष 73 हजार, आणि एकट्या महाराष्ट्रात 2 लक्ष 10 हजारांवर भरले. ही सारी मंडळी वैराग्याने घर सोडून निघालेली नव्हेत.

अन्नाच्या हक्कासंबंधी चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली बेघरांच्या निवाऱ्याकडे सरकारचे लक्ष वेधले. पुढे 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने प्रमाण घालून दिले ते असे : शहरातील दर एक लक्ष वस्तीमागे शंभर माणसांची कायमची सोय, माणशी निदान 50 चौरस फूट जागा, निवारा अहोरात्र आणि बारा महिने उघडा, पाणी, दिवा, शौचकूप, अंथरूण यांची व्यवस्था, आणि शिधापत्रिका, निवृत्तिवेतन यांसारखे हक्क मिळवून देण्यास साहाय्य. 2011 साली सोलापूरची वस्ती 9 लक्ष 51 हजार होती. म्हणजे ह्या हिशेबाने साडेनऊशे माणसांची सोय हवी. ते अभियान 2024 च्या सप्टेंबरअखेर संपले. परंतु थंडी काही अभियानाबरोबर संपत नाही. म्हणून महापालिकेच्या अंदाजपत्रकात ह्या कामासाठी रक्कम किती, हे विचारणे प्रत्येक करदात्याचे कर्तव्य आहे.

आपल्या धर्मशास्त्रात विहिरी, तलाव, धर्मशाळा बांधण्यास पूर्त म्हटले आहे. आपण भरतो त्या करातून चालणारा निवारा हे आजचे पूर्तच होय. किंबहुना जुन्या पूर्तातील एक वैगुण्य येथे दूर झाले आहे. पूर्वीच्या ओसऱ्या जात विचारून मिळत असत; म्हणूनच तर आपल्या जिल्ह्यातील पंढरपुरी गाडगे महाराजांना चोखामेळा धर्मशाळा उभारावी लागली. ती त्यांनी 1949 साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नगराच्या निवाऱ्याने दाराशी आलेल्यास जात विचारावयाची नसते.

तथापि निवारा ही दुसरी भिंत. पहिली भिंत घराचीच. आपल्या शहराजवळ कुंभारी येथे विडी वळणाऱ्या स्त्रियांनी स्वतःचा वाटा भरून आणि सरकारी साहाय्य मिळवून 2006 साली दहा हजार घरांची वसाहत उभी करविली. ज्यांचे पोट हातावर, त्यांनी छप्पर मिळविले. आणि एका विद्वानाने एका सहीने ते घालविले! अशा सह्या आपल्या घराघरांतून होतात. म्हणून 2007 चा ज्येष्ठ नागरिकांसंबंधीचा कायदा वडीलधाऱ्यांनी वाचून ठेवावा. ज्यास मालमत्ता देतो त्याने आपला सांभाळ करावा, ही अट दस्तऐवजात असली आणि पुढे त्याने ती मोडली, तर न्यायाधिकरण तो दस्तऐवज रद्द ठरवू शकते. शिवाय मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी मागता येते. बक्षीसपत्रात हे एक वाक्य लिहावयास लाज वाटते खरी. पण ती लाज पायरीवरच्या रात्रीपेक्षा सोसवणारी आहे.

आणि तरुण मंडळीस एवढेच सांगणे की, आजोबांची खोली हलविण्याचा विचार निघेल तेव्हा आजोबांस त्या बैठकीत बसवावे. माणूस घराबाहेर पडतो तो एका दिवसात नव्हे. प्रथम तो माजघरातून ओसरीवर येतो, आणि ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

मी आता महापालिकेत जाऊन निवाऱ्याचा पत्ता आणून दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. तळ्याकाठी अजून संध्याकाळी जातो. ती पायरी ओलांडताना पाऊल थबकते, आणि कान उगाच त्या स्तोत्राची वाट पाहतात.