खुर्ची मिळाली, पण खालची जमीन कोणाची?

आपला एक माणूस निवडून आला की समाजाचे काम झाले, असे मानणारे कार्यकर्ते आजही कमी नाहीत. त्यांनी ब्लँच केल्सो ब्रूस यांचे चरित्र अवश्य वाचावे, असे आम्ही सुचवतो.

ब्रूस यांचा जन्म १८४१ साली अमेरिकेतील व्हर्जिनियात, गुलाम आईच्या पोटी झाला. यादवी युद्धात ते मालकाच्या तावडीतून निसटले. कॅन्सस आणि मिझुरीत त्यांनी काळ्या मुलांसाठी शाळा चालवल्या. पुढे मिसिसिपीतील बोलिव्हर कौंटीचे ते शेरीफ झाले. ज्याला काल विकता येत होते, त्याच्याच हाती आज कायद्याची अंमलबजावणी आली! १८७५ मध्ये ते सिनेटर झाले. शपथेच्या दिवशी त्यांना प्रथेप्रमाणे पुढे नेण्यासाठी त्यांच्याच राज्याचे गोरे सिनेटर अल्कॉर्न उठले नाहीत. न्यूयॉर्कचे कॉन्कलिंग पुढे आले. सिनेटची पूर्ण मुदत काम करणारे ब्रूस हे पहिले कृष्णवर्णीय.

पण त्याच १८७५ साली मिसिसिपीत काय घडत होते? सशस्त्र टोळ्या काळ्या मतदारांना मारत होत्या, मतदानापासून हुसकावत होत्या. ब्रूस यांनी १८७६ मध्ये सिनेटमध्ये उभे राहून या निवडणुकीच्या चौकशीची बाजू मांडली. पण तोवर विधिमंडळ विरोधकांच्या ताब्यात गेलेच होते, आणि तेव्हा सिनेटर विधिमंडळच निवडत असे. १८८१ मध्ये ब्रूस यांची मुदत संपली. १८९० च्या राज्यघटनेने मतदानासाठी कर आणि वाचनाची अट घालून काळ्यांचे मत कागदावरूनही पुसले. पुढचा कृष्णवर्णीय सिनेटर सभागृहात आला तो थेट १९६७ मध्ये, तोही मिसिसिपीतून नव्हे.

यात ब्रूस यांचा दोष आम्ही काढत नाही. ते स्वतः मोठे बागायतदार झाले, पण बहुसंख्य मुक्त गुलाम गोऱ्या मालकाच्याच शेतात वाट्याने राबत राहिले. ज्याची भाकर दुसऱ्याच्या हाती, त्याचे मत धमकावणे सोपे असते.

बाबासाहेबांना हे नाते दिसत होते. १९४६ मध्ये त्यांनी डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

म्हणून मित्रांनो, उमेदवाराच्या मिरवणुकीत नाचण्याआधी मतदार यादीत वस्तीची नावे आहेत का ते तपासा. गायरानाच्या, मजुरीच्या लढ्यात उभे राहा. पद एकाला मिळते. सत्ता मात्र सगळ्यांनी मिळून राखावी लागते.

जय भीम!