परक्यास आपलासा कोण करतो?

परदेशीं गेलेल्या आपल्या मुलास तेथील लोकांनीं मानानें वागवावें अशी आमच्या मध्यमवर्गांतील प्रत्येक घराची इच्छा असते. आणि पोटासाठीं आपल्या शहरांत आलेल्या परमुलखाच्या माणसाविषयीं त्याच घरांत काय बोललें जातें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एखादा समाज परक्यास सामावून घेतो व दुसरा घेत नाहीं, याचें कारण विचारल्यास 'त्या लोकांचें मनच मोठें' असें उत्तर मिळतें. हें उत्तर आळशीपणाचें आहे आणि, कॅनडा देशाचा इतिहास पाहतां, खोटेंहि आहे.

१९१४ च्या मे महिन्यांत 'कोमागाटा मारू' नांवाची आगबोट ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हर बंदरांत आली. बहुतेक शीख, थोडे मुसलमान व हिंदु. सारे ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन. परंतु १९०८ सालच्या नियमाप्रमाणें मायदेशाहून मध्यें कोठेंहि न थांबतां आलेल्यासच कॅनडांत उतरतां येत असे. हिंदुस्थानाहून तशी थेट बोटच नव्हती, आणि नियम करणारांस तें पक्कें ठाऊक होतें! कातडीच्या रंगाचें नांव न घेतां रंग पाहणारा असा हा कायदा होता. दोन महिने ती बोट किनाऱ्यासमोर उभी होती. पूर्वीं तेथें राहून गेलेले मूठभर लोक तेवढे उतरूं दिले व बाकीच्यांस परत लाविलें. सप्टेंबरांत कलकत्त्यानजीक बजबज येथें ते उतरले, तेव्हां सरकारी गोळीबारांत त्यांतील कित्येक प्राणांस मुकले.

ज्या प्रांताच्या किनाऱ्यावरून ही बोट हांकलली, त्या ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य प्रधानपदावर २००० सालीं पंजाबांत जन्मलेले उज्जल दोसांझ बसले. त्यापूर्वींच, १९८६ सालीं, निर्वासितांच्या सेवेबद्दल संयुक्त राष्ट्रांचें नान्सेन पदक एखाद्या पुढाऱ्यास नव्हे तर सबंध कॅनडाच्या जनतेस मिळालें होतें. मधल्या काळांत तेथील माणसांची जात बदलली काय? बदलले ते कायदे. १९४७ सालीं त्या प्रांतांतील हिंदी लोकांस मताचा अधिकार मिळाला. १९६२ सालीं वंश पाहून प्रवेश देण्याची रीत सुटली. १९६७ पासून शिक्षण, भाषा, धंदा यांचे गुण मोजून प्रवेश मिळूं लागला. ज्याला मत आहे त्याच्या दारीं उमेदवारास जावेंच लागतें, आणि एकदां दारीं गेल्यावर त्याच्याविषयीं भलतेंसलतें बोलणें उमेदवारास परवडत नाहीं.

यापेक्षांहि बोधप्रद गोष्ट १९७९-८० मधील आहे. व्हिएतनाम, कंबोडिया व लाओस येथून जीव घेऊन निघालेल्या सुमारें ६०,००० लोकांस कॅनडानें त्या वेळीं आश्रय दिला. हें करावें कीं नाहीं याविषयीं तेथें एकमत मुळींच नव्हतें. परंतु नव्या कायद्यानें एक सोय केली होती. पांच नागरिकांनीं, एखाद्या चर्चनें किंवा मंडळानें एकत्र यावें, एका कुटुंबाचा वर्षभराचा भार उचलावा, आणि त्यास बोलवावें. आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोक या मार्गानें आले. घर भाड्यानें पाहणें, थंडीचे कपडे, मुलांची शाळा, डॉक्टर, बसचें तिकीट कसें काढावें हें दाखविणें, असल्या किरकोळ कामांत वर्ष गेलें. ज्यानें परक्यासाठीं घरमालकाचे पाय धरले, तो पुढें त्याच परक्याचा वकील झाला. आमच्याकडील सहभोजनाच्या वादांत सनातनी म्हणत, 'आधीं मनें जुळूं द्या, मग पंगत'. सुधारक म्हणत, 'आधीं पंगतीला बसा.' कॅनडाच्या अनुभवानें सुधारकांचीच बाजू खरी ठरविली आहे.

तथापि त्या देशाची आरती ओवाळण्याचें कारण नाहीं. तीन बाजूंस समुद्र, चौथीस श्रीमंत शेजारी. कोण यावा हें निवडण्याची सवड त्यास आहे, तशी ती सर्वांस नसते. शिवाय २०२४ सालच्या एका लोकमत-चांचणींत शेंकडा ५८ कॅनडावासीयांनीं 'फार लोक येत आहेत' असें सांगितलें, आणि सरकारनें २०२५ चा आंकडा ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला. तक्रार मुख्यतः घरांच्या टंचाईची होती. माणसें बोलवावीं आणि घरें बांधूं नयेत, म्हणजे भाडें वाढतें, व वाढत्या भाड्याचा राग धोरण ठरविणाऱ्यावर न निघतां शेजारच्या खोलींतील नवख्यावर निघतो.

आतां घरचें पाहूं. आमच्या शहरांत येणारा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशाचा मजूर परदेशी नव्हे. राज्यघटनेनें त्यास येथें राहण्याचा हक्क दिला आहे. तरीहि २००८ सालीं मुंबई-नाशकांत त्यास मार खावा लागला, आणि २०२० च्या टाळेबंदींत तो पायींच गांवाकडे निघाला, कारण ज्या शहरांत त्यानें इमारती बांधल्या तेथें त्याचें म्हणावें असें छप्परच नव्हतें. भाषेमुळें दुरावा येतो असें जे म्हणतात त्यांनीं बीडच्या ऊसतोड मजुराकडे पाहावें. तो मराठीच बोलतो. तरी सांगली-कोल्हापूरच्या फडावर पांच-सहा महिने तो पालांत राहतो, त्याच्या मुलांची शाळा बुडते, आणि ज्या गांवच्या उसाची साखर तो घडवितो त्या गांवास त्याचें नांवहि ठाऊक नसतें. जेथें स्वभाषिक भावासहि जातीच्या व धंद्याच्या वेशीबाहेर ठेवण्याची संवय जडली आहे, तेथें परभाषिकाची काय कथा?

मराठीचा आग्रह आम्हांसहि मान्य आहे. पण 'मराठी बोल' म्हणून दरडावणारे पुष्कळ, 'ये, शिकवितों' म्हणणारे किती? कॅनडाचें सरकार १९९२ पासून नवागतांस सरकारी खर्चानें भाषा शिकवितें. आमच्या नगरपालिकांच्या शाळा सायंकाळीं कुलूपबंद असतात. त्यांतील दोन-दोन खोल्या रोज तासभर उघडाव्या, मराठीचे विनामूल्य वर्ग चालवावे, व दाखला उशीरा मिळाला म्हणून कोणत्याहि मजुराच्या मुलाचा प्रवेश अडवूं नये. हें दुसरें तर २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें बंधनकारकच केलें आहे. याची सुरुवात कोणत्या वॉर्डांत होणार, हें आम्ही नगरसेवकांस विचारीत आहों.