न संपणारा कार्यक्रम

आपल्या अर्नाळ्यांत हल्लीं अनेक घरीं टीव्हीच्या पाठीमागें बोटाएवढी एक दांडी खोंचलेली दिसते. कोणी तीस ‘फायर स्टिक’ म्हणतात, तर दुसरीकडे तिच्या जागीं ‘क्रोमकास्ट’ असतें. घरांतील वायफायच्या योगानें ही दांडी इंटरनेटवरील चलच्चित्रें ओढून घेते व टीव्हीच्या पडद्यावर उमटविते. चित्र सगळें एकदम येत नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे एकामागून एक येतात, आणि इंटरनेटचा वेग मंदावला कीं तेच तुकडे कमी रेखीव मागविले जातात. युक्ति खरोखर अजब आहे. परंतु एखादी वस्तु अजब आहे एवढ्यानेंच ती घराच्या हिताची ठरत नाहीं. हित तिच्या उपयोगावर अवलंबून असतें. म्हणून या वस्तूविषयीं दोन शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. त्या काळीं संच थोडे. शेजारीपाजारी एका घरीं जमून कार्यक्रम पाहत. रात्रीं प्रक्षेपण संपलें कीं पडदा रिकामा होई आणि माणसें आपापल्या घरीं जात. पुढें २०१३ सालीं गूगल कंपनीनें क्रोमकास्ट बाजारांत आणलें, २०१६ पासून आपल्या देशांत इंटरनेट स्वस्त झालें, आणि २०१७ सालीं फायर टीव्ही स्टिक येथें विक्रीस आली. पूर्वीं आपण कार्यक्रमाची वाट पाहत असूं. आतां कार्यक्रम आपली वाट पाहतो.

कित्येक सद्गृहस्थांचें मत असें कीं, ही दांडी उपटून समुद्रांत टाकावी. आम्हांस हें मत मान्य नाहीं. मोबाईलवर मूल कोपऱ्यांत एकटें, मान वांकवून, कानांत इअरफोन घालून पाहत बसतें. तें काय पाहतें हें शेजारीं बसलेल्या आईसहि कळत नाहीं. भिंतीवरील पडदा मात्र सर्वांसमोर असतो. आजी विचारते, “हें काय रे?” आणि नातवास उत्तर द्यावें लागतें. शिवाय २०२० सालीं शाळा बंद असतां सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली, तेव्हां पडद्याचा फळाहि होऊं शकतो हें सर्वांस दिसून आलें.

खरा दोष निराळाच आहे. जुन्या प्रक्षेपणास शेवट होता; यास शेवट नाहीं. एक चित्र संपतें न संपतें तोंच दुसरें आपोआप सुरू होतें. यूट्यूबचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर चालतें. प्रेक्षक जितका वेळ बसेल तितक्या जाहिराती अधिक. तेव्हां ‘आतां पुरे’ हे शब्द यंत्राकडून येण्याची आशा व्यर्थ होय. ते घरांतील माणसानेंच उच्चारले पाहिजेत. दुसरें असें कीं, आपण जें पाहतों त्यावरून पुढचीं चित्रें सुचविलीं जातात. सर्व घराचें खातें एकच असेल, तर रात्रीं बापानें पाहिलेल्या मारामारीच्या जोडीचीं चित्रें सकाळीं मुलापुढें येतात.

पावसाळ्यांत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि पडदा सकाळपासून चालूं राहतो. वास्तविक वारा, भरती-ओहोटी, जाळें यांविषयीं वडीलधाऱ्यांस विचारण्याचे हेच दिवस. समोरच्या बेटावरील किल्ला १७३७ सालीं मराठ्यांनीं पोर्तुगीजांकडून घेतला. बाहेरचीं माणसें येऊन त्याचीं चित्रें घेऊन जातात, आणि आपलीं मुलें तीं पडद्यावर पाहतात! पावसाळा सरल्यावर होडींत बसून पलीकडे जावें आणि दरवाज्यावरील देवनागरी शिलालेख स्वतः वाचून पहावा, हें अर्नाळ्याच्या मुलांस कठीण आहे काय?

पालकांस आमची विनंति एवढीच. संच लावण्यापूर्वीं काय पहावयाचें तें ठरवावें. आपोआप पुढें चालणारी सोय, जिला ‘ऑटोप्ले’ म्हणतात, ती बंद करून ठेवावी. मुलांसाठीं वेगळें प्रोफाइल करावें. आणि बंद करण्याची वेळ ठरवून ती थोरामोठ्यांनींहि पाळावी. एका खोलीच्या घरांत पडदा चालूं असतां दहावींतील मुलीनें भूमितीचें प्रमेय कोठें बसून सोडवावें? तिला ‘अभ्यास कर’ असें सांगून आपण मालिका पाहत बसणें हा न्याय नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. तुमच्या घरीं हें यंत्र बहुधा तुम्हींच जोडून दिलें असेल. वडिलांस त्याची कळ ठाऊक नसेल. जोडण्याचें ज्ञान तुम्हांपाशीं आहे, तर बंद करण्याची जबाबदारीहि तुमचीच. आज रात्रीं कोणी सांगण्याची वाट न पाहतां ती कळ तुम्ही स्वतः दाबा.