फौजीच्या संसाराचा हिशेब कुणी मांडायचा?

अग्निपथ योजनेवर 2022 पासून भरपूर वाद झाले. पेन्शनचा खर्च, सैन्याचं सरासरी वय, लढण्याची तयारी, सगळं बोलून झालं. फौजीच्या संसारावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी सातारा जिल्ह्यातला, 17 वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून बाहेर पडलेला माणूस. दोन मुलांचा बाप. म्हणून बोलतो.

आमच्या वेळचा सौदा साधा होता. वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस किरकोळ रजा. सगळी मिळाली असं धरलं तरी 17 वर्षांत चार वर्षांहून थोडं जास्त. फील्डला फॅमिली नेता येत नाही, आणि पीसला क्वार्टर मिळायचं ते नंबर लागला तर. मुलगी पहिलीत गेली तेव्हा आम्ही ठरवलं, दर दोन-तीन वर्षांनी पोरांची शाळा बदलायची नाही. बायको मुलांना घेऊन गावी राहिली. शाळा, दवाखाना, माझ्या आईचं आजारपण, जमिनीच्या वाटण्या, सगळं तिनं एकटीनं निभावलं. तिचं डी.एड. झालेलं, पण नोकरी धरता आली नाही. वर्दी मी घातली, आयुष्य दोघांचं बदललं.

बदल्यात काय? 15 वर्षं भरली की पेन्शन. मुलगी नववीत गेली तेव्हा माझी नोकरी अजून शिल्लक होती. मी मुदतीआधीच घरी आलो. लोक म्हणाले, थांबला असतास तर नायब सुभेदार होऊन आला असतास. पण पेन्शन हातात होती, म्हणूनच मला हा निर्णय घेता आला. पोरांजवळ राहायचं की बढतीची वाट बघायची, हे निवडायची मोकळीक त्या पेन्शननं दिली.

आता अग्निवीराचं बघा. योजना आली तेव्हा ठरलेलं भरतीचं वय साडेसतरा ते एकवीस, अट अविवाहित असण्याची. रजा वर्षाला 30 दिवस. योजना आली तेव्हाच्या नियमानुसार चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम होणार. बाकीचे साधारण 11 लाख 71 हजारांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही.

कुणी म्हणेल, बरंच आहे की! पोरगा पंचविशीत मोकळा, लग्न करेल, मुलाबाळांत राहील. मुद्दा अगदीच खोटा नाही. पण मुलांजवळ राहायला आधी घरची चूल पेटावी लागते. आम्हाला घरी राहायला वेळ नव्हता, पण पोटाची खात्री होती. याच्याकडे वेळ आहे, खात्री नाही. आमच्याकडे स्थळ बघताना मुलीचा बाप पहिलं विचारतो, नोकरी पर्मनंट आहे का? चार वर्षं सीमेवर काढून आलेल्या पोरानं काय सांगायचं?

घर हा नोकरीचाच भाग आहे, हे व्यवस्थेला उशिरा पटतं. 1988 साली लष्करी नर्सिंग सेवेतल्या एका अधिकारी बाईंना लग्न केलं म्हणून काढून टाकलं. तो नियम 1995 मध्ये मागे घेतला गेला, पण त्या बाईंना 60 लाखांची भरपाई द्यायचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फेब्रुवारी 2024 मध्ये आला. महिला जवानांना अधिकाऱ्यांइतकीच बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मंजूर झाली नोव्हेंबर 2023 मध्ये.

अग्निवीरांनी एवढी वर्षं थांबायचं का? माझी मागणी दोन गोष्टींची. पुढे पोरगा पोलिसात, वनखात्यात, कुठल्याही सरकारी नोकरीत गेला तर फौजेतली चार वर्षं त्याच्या सेवेत धरा. आणि कोण कायम होणार, कोण घरी जाणार, हे शेवटच्या दिवसाच्या किमान सहा महिने आधी सांगा, म्हणजे पुढची सोय लावता येईल.

गावच्या वेशीवर फौजीचं स्वागत जोरात होतं, फटाके वाजतात, हार पडतात. दुसऱ्या दिवसापासून त्याचं घर कशावर चालतं, तेही एकदा विचारा.