सदरा आपला, आकडा कोणाचा?

पैसे चुकते केले आणि पावती हाती पडली की वस्तूवरचा विक्रेत्याचा हक्क संपतो, हे व्यापाराचे फार जुने गृहीतक आहे. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानांतून गेल्या दोन दशकांत जी एक नवी चिठ्ठी रुळली आहे, तिने या गृहीतकालाच छेद दिला आहे. ही चिठ्ठी म्हणजे रेडिओलहरींनी वाचता येणारा टॅग. वाळूच्या कणाएवढी एक चिप आणि तिला जोडलेली धातूची पातळ पट्टी, एवढाच त्याचा संसार. त्यात बॅटरी नसते. वाचक यंत्राने सोडलेल्या लहरींतूनच त्याला शक्ती मिळते आणि तो आपला क्रमांक परत सांगतो. काही मीटर अंतरावरून, कापडाच्या घडीतून, पिशवीतून हे घडते. कपडा ज्याच्या अंगावर आहे त्याला याची जाणीवही होत नाही.

पट्ट्यापट्ट्यांचा बारकोड आपल्या परिचयाचा आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी तो पहिल्यांदा दुकानात वाचला गेला. तो फक्त वस्तूचा प्रकार सांगतो. अमुक कंपनीचा, अमुक मापाचा सदरा. टॅग त्याच्या पुढे जातो. त्यातील क्रमांक बहुधा ९६ बिटांचा असतो आणि त्यात कंपनी व प्रकार यांखेरीज त्या एका नगाचा स्वतंत्र अनुक्रमांकही असतो. एकाच गठ्ठ्यातून निघालेल्या दोन सदऱ्यांना येथे दोन वेगळी नावे आहेत. साऱ्या वादाचे मूळ या फरकात आहे.

कपड्यावर खूण असणे आपल्याला नवे नाही. परीट बिब्ब्याने कपड्याच्या कोपऱ्यात खूण करीत असे आणि त्या खुणेवरून माणसाचा ठावठिकाणा शोधून काढण्याचे काम पोलिसांनीही केलेले आहे. पण ती खूण वाचायला कपडा हाती घ्यावा लागे, परटाला शोधावे लागे, त्याला विचारावे लागे. माहिती मिळवण्याला श्रम पडत होते, आणि त्या श्रमातच सामान्य माणसाच्या खाजगीपणाचे संरक्षण होते. ते श्रम आता शून्यावर आले आहेत.

दुकानदाराची बाजू मुळीच पोकळ नाही. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या अभ्यासकांनी एका मोठ्या विक्रेत्याच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार नोंदी तपासल्या, तेव्हा ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. वहीत माल आहे आणि मांडणीवर नाही, किंवा याच्या उलट! टॅगमुळे हजारो कपड्यांची मोजदाद थोड्या वेळात होते, चोरी लक्षात येते, बिलासाठीच्या रांगा आखूड होतात. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप या मोजदादीला नाही. विक्री झाल्यावरही टॅग जिवंत का राहावा, एवढाच प्रश्न आहे.

हा प्रश्न युरोपात २००३ साली ऐरणीवर आला. बेनेटनच्या सिस्ले कपड्यांत असे टॅग बसवले जाणार, असे त्या वर्षी मार्चमध्ये फिलिप्स कंपनीने जाहीर करताच कॅथरीन अल्ब्रेख्त यांच्या ग्राहक संघटनेने बहिष्काराची हाक दिली, आणि काही आठवड्यांतच बेनेटनला खुलासा करावा लागला. त्याच वर्षी केंब्रिजच्या टेस्को दुकानात दाढीच्या पात्यांचे पाकीट उचलणाऱ्याचे छायाचित्र टिपणारा प्रयोग उघडकीस आला. जर्मनीतील राइनबर्ग येथल्या मेट्रो कंपनीच्या दुकानाचे प्रकरण तर विशेष बोलके आहे. तेथे ग्राहकांना दिलेल्या सवलत कार्डातच चिप होती आणि ग्राहकांना ते ठाऊक नव्हते. २००४ साली हे बाहेर आल्यावर निदर्शने झाली आणि कंपनीने ती कार्डे मागे घेतली. शिवाय टॅग ‘निकामी’ करणारे जे यंत्र तेथे ठेवले होते, ते मालाचा क्रमांक पुसत असे. चिपचा कारखान्यातला मूळ क्रमांक मात्र तसाच राहत असे, हेही संघटनांनी दाखवून दिले.

आता सदरा रस्तोरस्ती आपला पाठलाग करील, असे भयचित्र रंगवणे हे अतिशयोक्तीचे आहे. टॅगचा पल्ला मर्यादित असतो आणि मानवी शरीर या लहरी शोषून घेते. टॅगमध्ये माणसाचे नावही नसते. परंतु नाव जोडले जाते ते गल्ल्यावर. बिल करताना मोबाइल क्रमांक मागितला जातो. तो देण्याची सक्ती करू नये, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याला मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावावे लागले, यावरूनच या प्रथेची व्याप्ती लक्षात यावी. बिलावरचा क्रमांक आणि सदऱ्याचा क्रमांक एकाच नोंदीत बसले, की पुढल्या खेपेस तोच सदरा घालून दारातून आत येणारा ग्राहक कोण, त्याने मागे काय घेतले, किती रुपयांपर्यंत त्याची तयारी असते, हे दुकानाला त्याने तोंड उघडण्यापूर्वी कळू शकते. विक्रेत्याला ग्राहकाची कुवत ठाऊक आणि ग्राहकाला विक्रेत्याचे काहीच ठाऊक नाही, अशा बाजारात घासाघीस कसली?

अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्यपरिणामाचा प्रकार आहे. टॅगचा लाभ दुकानाच्या हिशेबात जमा होतो, आणि जोखीम दुकानाबाहेर पडलेल्या माणसाच्या खाती पडते. अशा वेळी ‘ज्याला नको असेल त्याने टॅग कापून टाकावा’ हे उत्तर सोयीस्कर असले तरी न्याय्य नाही. जो कारखान्याचा धूर सोसतो त्यानेच धुराड्याला जाळी बसवावी, असे म्हणण्यासारखे ते आहे. युरोपीय आयोगाने १२ मे २००९ रोजी केलेल्या शिफारशीत हा न्याय बराचसा पाळला आहे: ग्राहकाने स्पष्ट संमती दिली नसेल तर विक्रीच्या जागीच टॅग निकामी करावा. अर्थात खाजगीपणाला धोका संभवत नाही असे मूल्यमापनात ठरल्यास सूट आहे, आणि ते मूल्यमापन करायचे कोणी, तर टॅग वापरणाऱ्यानेच! पळवाट तेथे आहे.

तांत्रिक अडचणीची सबब टिकणारी नाही. टॅग कायमचा बंद करण्याची आज्ञा त्याच्या प्रचलित मानकातच आहे. मार्क्स अँड स्पेन्सरने २००३ सालच्या चाचणीत टॅग फाडून टाकण्याजोग्या कागदी चिठ्ठीत ठेवले होते. झाराने तर ते चोरीविरोधी कडक बिल्ल्यात बसवले. विक्रीच्या वेळी बिल्ला काढून घेतला जाई आणि पुन्हा वापरला जाई. बदलीसाठी आणलेला कपडा ओळखायचा, तर पावती आहेच.

मोबाइल खिशात बाळगणाऱ्यांनी सदऱ्याची चिंता का करावी, असेही विचारले जाते. मोबाइल आपण जाणून घेतलेला असतो, तो बंद करता येतो, घरी ठेवता येतो. शिवलेल्या पट्टीतला टॅग आपल्याला ठाऊकच नसतो. शिक्षकवर्गाने एक उदाहरण ध्यानी घ्यावे. २०१२ साली ब्राझीलमधील व्हितोरिया दा कोंक्विस्ता या शहराने सुमारे २० हजार विद्यार्थ्यांच्या गणवेशांत अशा चिपा बसवल्या. मूल शाळेच्या दारातून आत आले की पालकांना संदेश जाई. हेतू चांगलाच असेल; पण मालाची मोजदाद मुलांच्या मोजदादीपर्यंत जायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. तो संमतीवर उभा आहे; विकलेल्या वस्तूतील टॅगचे काय करावे, याची वेगळी तरतूद त्यात नाही. आणि जो टॅग माहीतच नाही, त्याबद्दल संमती मागितली काय आणि न मागितली काय! या बाबतीत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापलेल्या केंद्रीय प्राधिकरणाचा मार्ग अधिक जवळचा आहे. अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार त्याला आहे. टॅग असलेल्या कपड्यावर मराठीसह स्थानिक भाषेत ठळक सूचना, गल्ल्यावर विनामूल्य व न मागता टॅग निकामी करणे, आणि टॅगचा क्रमांक ग्राहकाच्या नावाशी वा मोबाइलशी जोडण्यास मनाई, एवढ्या तीन कलमांचे पत्रक त्याला काढता येईल. ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी ते मागावे, आणि तोवर आपण नव्या कपड्याच्या आतली जाड पट्टी बोटांनी चाचपून, गल्ल्यावरच्या माणसाला तिच्यात काय आहे ते विचारावे.